वाचकांचे प्रश्न : जपानी शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ

या वेळी जपानी भाषेविषयीची पत्रे इतकी आली की, सदराची सगळी जागा त्यांनाच द्यावी लागली. पुण्यात जपानीचे वर्ग पूर्वीपासून चालत आले आहेत आणि चाकण-रांजणगावच्या कारखानदारीने त्यांना पोटापाण्याचे कारणही जोडून दिले आहे. त्यामुळे पत्रलेखकांत विद्यार्थी आहेत, कारखान्यातले पर्यवेक्षक आहेत आणि सूनबाईशी चार शब्द बोलू पाहणाऱ्या सासूबाईही आहेत. पत्रांचा रोख मात्र बराचसा एकच आहे : जपानी शब्दापुढे छापलेला इंग्रजी अर्थ कितपत धरून चालावा? उत्तरांत जपानी शब्द देवनागरीत दिले आहेत आणि जेथे ‘आ’, ‘ए’ किंवा ‘ओ’ लांबवायचा आहे तेथे अवग्रह (ऽ) घातला आहे.

प्रश्न : मी जपानीच्या एन-५ या सर्वांत सोप्या पातळीच्या परीक्षेची तयारी करते आहे. मोबाइलवरच्या ॲपमधून आणि एका छापील यादीतून शब्द व त्यांचे इंग्रजी अर्थ पाठ केले आहेत. अर्थ विचारला तर लगेच सांगता येतो, पण वाक्य करायला घेतले की आमच्या बाई वहीवर लाल रेघा मारतात. इंग्रजीऐवजी मराठी अर्थ लिहावेत का? आणि एन-५ची अधिकृत शब्दयादी कोठे मिळेल?
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे. अशी अधिकृत यादी नाही. 2010 साली या परीक्षेची फेररचना होऊन चारच्या पाच पातळ्या झाल्या, तेव्हापासून परीक्षा घेणाऱ्या संस्था शब्दांची यादी प्रसिद्ध करत नाहीत. बाजारात आणि ॲपमध्ये ‘एन-५चे शब्द’ म्हणून जे मिळते ते जुन्या अभ्यासक्रमावरून आणि जुन्या प्रश्नांवरून बांधलेले अंदाज असतात. ते बहुतांशी उपयोगी आहेत, पण यादी संपली म्हणजे तयारी संपली असे मानू नये. शिवाय प्रश्न सगळे जपानीत आणि पर्यायांचे असतात. शब्दाचा इंग्रजी अर्थ त्यात कोणी विचारत नाही. शब्द वाक्यात कोठे बसतो आणि तोच आशय दुसऱ्या कोणत्या जपानी वाक्याने सांगता येतो, हे विचारतात.

आता मराठी अर्थाविषयी. तो जरूर लिहावा, परंतु इंग्रजी अर्थ खोडून टाकू नये. बाई लाल रेघ कोठे मारत असतील याचा तर्क करता येतो. ‘आउ’ या क्रियापदापुढे यादीत ‘टू मीट’ असे असते. इंग्रजीत मित्र हे भेटण्याचे सरळ कर्म असल्यामुळे विद्यार्थी कर्माचा प्रत्यय ‘ओ’ लावून मोकळा होतो. जपानीत मात्र ‘तोमोदाचि नि आउ’ असे म्हणतात. वहीत ‘मित्राला भेटणे’ असे लिहिले असते तर ‘ला’च्या जागी ‘नि’ आपोआप आला असता. ‘नोरु’ची गोष्टही तशीच आहे. ‘राइड’ किंवा ‘बोर्ड’ या अर्थांमुळे पुन्हा ‘ओ’ येतो, ‘गाडीत बसणे’ लिहिले की ‘देन्शा नि नोरु’ सहज सुचते.

याहून मोठा लाभ ज्या शब्दांत आहे ते एन-५मध्येच शिकवले जातात आणि नेमके तेच इंग्रजीतून शिकणाऱ्याला छळतात. ‘सुकि’, ‘होशिइ’, ‘वाकारु’, ‘देकिरु’ आणि पैसे लागतात या अर्थाचा ‘इरु’ या पाचही शब्दांच्या आधी कर्त्याचा प्रत्यय ‘गा’ येतो. इंग्रजी अर्थ पाहावेत तर लाइक, वाँट, अंडरस्टँड, कॅन डू, नीड. आणि या प्रत्येक इंग्रजी वाक्यात ‘मी’ कर्ता असतो. त्यामुळे ‘येथे गा कशासाठी?’ हा प्रश्न वर्गात दरवर्षी उठतो आणि ‘हा अपवाद आहे, पाठ करा’ असे उत्तर मिळते. मराठी माणसाला ते पाठ करण्याचे काही कारण नाही. मला सुशी आवडते, मला पुस्तक हवे आहे, मला जपानी कळते, मला जपानी येते, मला पैसे लागतात, या वाक्यांत क्रियापद सुशीच्या, पुस्तकाच्या, पैशांच्या मागे जाते, ‘मी’ बाजूला राहतो. ‘गा’ त्याच शब्दाला लागतो. विशेषतः ‘निहोंगो गा देकिरु’ आणि ‘जपानी येते’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘कॅन डू’ या वळणाने तेथे पोहोचणे म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे. ‘मिएरु’ आणि ‘किकोएरु’ हेही याच घरातले : दिसणे आणि ऐकू येणे. ‘कॅन सी’ असा अर्थ पाठ करणारा विद्यार्थी पुढे ‘मिरु’पासून शक्यार्थी ‘मिरारेरु’ करतो आणि खिडकीतून फुजी पर्वत दिसतो एवढे साधे वाक्यही चुकवतो.

विशेषणांकडे पाहावे. ‘सामुइ’ आणि ‘त्सुमेताइ’ या दोहोंपुढे ‘कोल्ड’ छापलेले असते. मराठीत थंडी वाजते ती ‘सामुइ’ आणि पाणी गार असते ते ‘त्सुमेताइ’, एवढ्यात हिशेब मिटतो. अंगावर घालण्याच्या क्रियापदांत मात्र आपली भाषा अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करते. इंग्रजीच्या एका ‘वेअर’मध्ये जपानीची चार-पाच क्रियापदे कोंबलेली असतात : सदरा किंवा कोट घालणे ‘किरु’, विजार, मोजे व बूट घालणे ‘हाकु’, टोपी घालणे ‘काबुरु’, चष्मा लावणे ‘काकेरु’, अंगठी घालणे ‘हामेरु’. आपणही साडी नेसतो, शाल पांघरतो, चष्मा लावतो, पागोटे बांधतो. तेव्हा वस्त्रागणिक क्रियापद बदलते ही कल्पना आपल्याला परकी नाही. पण आपल्या वाटण्या वेगळ्या आहेत, म्हणून ‘घालणे’ एवढेच लिहून भागणार नाही, कोणते वस्त्र तेही लिहावे लागेल. ‘काबुरु’ टोपीपुरते नसून पांघरूण डोक्यावरून ओढून घेण्यालाही चालते, हे ध्यानात ठेवले तर त्याचा गाभा समजतो.

पुढच्या पातळीवर गेलात की मराठीचा उपयोग आणखी वाढेल. ‘ताबेते मिरु’ याचा अर्थ पुस्तकांत ‘ट्राय ईटिंग’ असा देतात आणि ‘ताबेयोऽ तो सुरु’ याचा ‘ट्राय टु ईट’ असा. या दोन ‘ट्राय’मधला फरक समजावण्यात वर्गाचा बराच वेळ जातो. पहिले म्हणजे खाऊन बघणे आणि दुसरे म्हणजे खायचा प्रयत्न करणे. ‘मिरु’ म्हणजे बघणे, हे आपण पहिल्या आठवड्यातच शिकलेलो असतो. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे आणि ‘वासुरेते शिमाउ’ म्हणजे विसरून जाणे. मुख्य क्रियापदाला ‘ऊन’ लावून मागे दुसरे क्रियापद जोडायचे आणि त्याच्याकडून अर्थाची छटा घ्यायची, ही सोय दोन्ही भाषांत आहे. इंग्रजी अर्थ वाचताना नेमकी ती झाकली जाते.

मोडतोडीच्या शब्दांकडेही लक्ष द्यावे. इंग्रजी ‘ब्रेक’ फुटणे आणि फोडणे या दोहोंना पुरतो. जपानीत ‘वारेरु’ म्हणजे फुटणे व ‘वारु’ म्हणजे फोडणे. ‘ओचिरु’ पडणे व ‘ओतोसु’ पाडणे. ‘देरु’ निघणे व ‘दासु’ काढणे. जोड्या मराठीशी तंतोतंत जुळतात. वापरात मात्र एक फरक आहे. यजमानांच्या घरी भाताचा वाडगा हातून निसटला तर आपण ‘माझ्या हातून फुटला’ असे म्हणतो, म्हणजे फुटण्याचेच क्रियापद ठेवून त्यात हात तेवढा घालतो. जपानी पाहुणा तेथे ‘वात्ते शिमाइमाशिता’ म्हणतो, म्हणजे फोडल्याची जबाबदारी सरळ अंगावर घेतो आणि ‘शिमाउ’ने हळहळ व्यक्त करतो. तेथे ‘वारेमाशिता’ म्हणणे व्याकरणाला धरून असले तरी क्षमा मागताना अंग काढून घेतल्यासारखे वाटते.

मराठीवर भार टाकू नये अशी स्थळेही आहेत. बसमधून उतरणे या अर्थाने जपानीत ‘बासु ओ ओरिरु’ म्हणतात, तेथे ‘मधून’ फसवते. ‘आहे’ या एका शब्दावर आपण सजीव-निर्जीव सगळे भागवतो. जपानीत माणूस, कुत्रा, मासा ‘इरु’ आणि टेबल, झाड, सभा ‘आरु’. देण्याचेही तसेच. मी दुसऱ्याला देतो ते ‘आगेरु’, दुसरा मला देतो ते ‘कुरेरु’. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांना येथे एकच शब्द आहे, म्हणून दोन्हीकडून सारख्याच चुका होतात.

तेव्हा वहीत नोंद अशी करावी : आधी तीन-चार शब्दांचा जपानी तुकडा, ‘तोमोदाचि नि आउ’ असा विभक्तीसह, त्यापुढे मराठी तुकडा, आणि इंग्रजी अर्थ अगदी शेवटी, कोशात शोधण्यापुरता. जेथे मराठी जुळत नाही तेथे समासात खूण करावी. सुटा शब्द आणि सुटा अर्थ लिहिलेली नोंद फारशी कामाला येत नाही, मग तो अर्थ मराठी असो वा इंग्रजी.

प्रश्न : आमच्या कारखान्यात भिंतीवर ‘फाइव्ह-एस’चा, म्हणजे कामाची जागा नीट ठेवण्याच्या जपानी पद्धतीचा फलक आहे. त्यावर सॉर्ट, सेट इन ऑर्डर, शाइन, स्टँडर्डाइझ, सस्टेन असे लिहिलेले आहे. मूळ जपानी शब्दांचे अर्थ हेच आहेत का? ‘गेम्बा’, ‘मुदा’, ‘कानबान’ हे शब्द जपानी माणूस घरी वापरतो का?
— एक पर्यवेक्षक, चाकण

उत्तर : पहिले दोन अर्थ बरेचसे बरोबर आहेत, शेवटचे दोन ओढूनताणून आणलेले आहेत. मूळ शब्द ‘सेइरि’, ‘सेइतोन’, ‘सेइसोऽ’, ‘सेइकेत्सु’ आणि ‘शित्सुके’ हे आहेत. पाचही ‘स’ किंवा ‘श’ने सुरू होतात म्हणून फाइव्ह-एस, आणि भाषांतर करणाऱ्यांनी इंग्रजीतही पाच ‘एस’ जमवायचेच असा हट्ट धरला, त्यात अर्थाचा बळी गेला.

‘सेइरि’त लागते ते आणि नको ते वेगळे करणे, आणि नको ते काढून टाकणे असे दोन्ही येते; नुसते ‘सॉर्ट’ वाचणारे पुष्कळदा नको असलेल्या वस्तूंचाही नीट ढीग लावून ठेवतात. आपल्याकडे तांदूळ निवडतात त्या ‘निवडणे’त हा अर्थ नेमका आहे, कारण निवडलेले खडे कोणी डब्यात भरून ठेवत नाही. ‘सेइतोन’ म्हणजे वस्तू जागच्या जागी लावणे. ‘सेइसोऽ’ ही झाडलोट आणि पुसापुशी, तिचा ‘शाइन’शी म्हणजे चकाकीशी संबंध बेताचाच. ‘सेइकेत्सु’ हा रोजच्या वापरातला शब्द असून त्याचा अर्थ स्वच्छ, निर्मळ असा आहे. नीटनेटक्या माणसालाही तो लावतात, हात धुतलेले असणे हेही त्यात येते. पहिल्या तीन गोष्टी सतत केल्या म्हणजे जागा ज्या स्थितीत राहते ती स्थिती, असा त्याचा कारखान्यातला आशय आहे. प्रमाणीकरण ही ती स्थिती टिकवण्याची एक रीत झाली, शब्दाचा अर्थ नव्हे.

‘शित्सुके’ला ‘सस्टेन’ म्हणणे मला सर्वांत खटकते. जपानीत आईबाप मुलाला शित्सुके लावतात. जेवायला बसावे कसे, मोठ्यांशी बोलावे कसे, पादत्राणे काढून नीट कशी ठेवावीत, हे अंगवळणी पाडणे म्हणजे शित्सुके. मराठीत यासाठी ‘वळण’ हा शब्द तयार आहे आणि तो लावायचाच असतो. शिवणकामात पक्की शिवण घालण्याआधी कापड जागेवर राहावे म्हणून जो कच्चा दोरा घालतात, त्यालाही शित्सुके म्हणतात. आपल्या फलकावर निवड, मांडणी, झाडलोट, स्वच्छता, वळण असे पाच शब्द मराठीत लिहिले, तर ‘एस’ जुळणार नाहीत पण कामगाराला ते कोणी समजावून सांगावे लागणार नाहीत.

इतर शब्दांविषयी. हे सगळे जपानी माणूस घरीही वापरतो, आणि तेथे त्यांना व्यवस्थापनाचा वास नसतो. ‘गेंबा’ म्हणजे प्रत्यक्ष जागा. वृत्तपत्रात गुन्हा घडला ते ठिकाण आणि रस्त्यात बांधकाम चालू असलेले ठिकाण, दोन्ही गेंबाच. ‘मुदा’ म्हणजे व्यर्थ, फुकट. पैसे वाया गेले तरी मुदा आणि त्याला समजावण्यात अर्थ नाही असे सांगायचे असले तरी मुदा. ‘कानबान’ म्हणजे दुकानाची पाटी. टोयोटाच्या पद्धतीत सुट्या भागांबरोबर फिरणाऱ्या चिठ्ठीला हे नाव मिळाले. कारखान्यात इशारा देणारा दिवा तो ‘आंदोन’, हा मूळचा कागदी आवरणाचा दिवा. ‘कायझेन’ तर इतका साधा शब्द आहे की आहारातली सुधारणाही त्यात बसते. चूक होऊच नये अशी रचना करण्याच्या ‘पोका-योके’ पद्धतीतला ‘पोका’ म्हणजे बेसावधपणे झालेली घोडचूक आणि ‘योके’ म्हणजे टाळणे. आधी या पद्धतीला ‘बाका-योके’ म्हणत, ज्यात ‘बाका’ म्हणजे मूर्ख. कामगाराला मूर्ख म्हटल्यासारखे होते म्हणून जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी शब्द बदलला.

प्रश्न : ‘आओइ’चा अर्थ पुस्तकात ‘ब्लू’ आहे, पण जपानी लोक हिरव्या सिग्नलला ‘आओ’ म्हणतात. चूक कोणाची?
— एक शाळकरी वाचक, धायरी

उत्तर : कोणाचीच नाही. ‘आओ’ हा जुना शब्द निळ्यापासून हिरव्यापर्यंतच्या सगळ्या पट्ट्यासाठी होता. हिरव्यासाठी ‘मिदोरि’ हा वेगळा शब्द नंतर रुळला; पण कोवळी पाने, हिरवे सफरचंद आणि सिग्नल यांच्याकडे ‘आओ’ तसाच राहिला. तुझ्या घरापासून सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यान, लांब नाही. तेथल्या कोवळ्या पालवीला जपानी पाहुणा ‘आओबा’ म्हणाला तर चकित होऊ नकोस.

प्रश्न : माझी सून जपानी आहे. तिचे आईवडील पुढच्या महिन्यात आमच्याकडे येणार आहेत. इंग्रजीतून लिहिलेल्या एका पुस्तकातून मुलाने काही वाक्ये काढून दिली आहेत, पण ‘आय हंबली रिसीव्ह’ आणि ‘धिस इज अ बोअरिंग थिंग’ असले अर्थ वाचून ती बोलावीत की नाहीत असा प्रश्न पडला आहे. एकमेकांना हाक कशी मारावी, हेही सांगावे.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : वाक्ये जरूर बोलावीत. आपल्याला ती इंग्रजीतून विचित्र वाटत आहेत, मराठीतून ती ओळखीची निघतील.

जेवणाआधी म्हणायचे ‘इतादाकिमासु’ हेच ते ‘आय हंबली रिसीव्ह’. ‘इतादाकु’चा मूळ अर्थ डोक्यावर धरणे असा आहे, आपण प्रसाद कपाळाला लावून मग तोंडात घालतो तो भाव त्यात आहे, फक्त जपानात ते रोजच्या चहाबिस्किटालाही म्हणतात. जेवण झाल्यावर ‘गोचिसोऽसामा’ म्हणतात, तेथे आपल्याकडच्या जुन्या पंगतीतले ‘अन्नदाता सुखी भव’ आठवावे. ‘बोअरिंग थिंग’ हे भेटवस्तू देताना म्हणायचे ‘त्सुमारानाइ मोनो देसु गा’ असणार. त्याचा मराठी अवतार ‘फूल ना फुलाची पाकळी’ हा आहे. आपण पैठणी देतानाही असेच म्हणतो आणि घेणाऱ्याला ती पाकळी आहे असे वाटत नाही.

घराबाहेर पडणारा ‘इत्तेकिमासु’ म्हणतो. पुस्तकात त्याचा अर्थ ‘आय ॲम लीव्हिंग’ असा दिलेला असेल, पण शब्दशः ते ‘जाऊन येतो’ आहे. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हटलेले कोणाला खपत नाही, तेच येथे आहे. घरातल्यांनी उत्तरादाखल ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’, म्हणायचे. परत आल्यावर येणारा ‘तादाइमा’ आणि घरातले ‘ओकाएरिनासाइ’.

पहिल्या भेटीत व्याही ‘योरोशिकु ओनेगाइ शिमासु’ म्हणतील. ‘नाइस टु मीट यू’ हा त्याचा छापील अर्थ फारच पातळ आहे. लग्नात मुलीकडची मंडळी हात जोडून ‘सांभाळून घ्या’ म्हणतात ते हेच. आणि कचेरीत नव्याने रुजू झालेला माणूसही सहकाऱ्यांना हेच म्हणतो. आपणही त्यांना हेच म्हणावे.

हाक मारण्याविषयी : सून आपल्याला ‘ओकाऽसान’ म्हणत असेल, म्हणजे ‘आई’च. सासूसाठी कोशात ‘गिबो’ हा शब्द सापडेल, पण तो कागदोपत्री नाते सांगण्याचा शब्द आहे, तोंडावर कोणी म्हणत नाही. ती परक्यांजवळ स्वतःच्या आईविषयी बोलताना ‘हाहा’ म्हणेल. तो अनादर नव्हे, आपल्या माणसांना बाहेरच्यांपुढे मोठेपणा द्यायचा नाही ही तेथली रीत आहे. इंग्रजी ‘यू’च्या जागी ‘आनाता’ हा शब्द आपल्या पुस्तकात असेल, तो मात्र व्याह्यांना वापरू नये. समोरच्या वडीलधाऱ्याला सर्वनामाने संबोधणे जपानीत खटकते; ‘आनाता’ला ‘तुम्ही’चा मान नाही. आडनावापुढे ‘सान’ लावावे, किंवा सूनबाई म्हणते त्याप्रमाणे ‘ओतोऽसान’, ‘ओकाऽसान’ म्हणावे.

प्रश्न : माझे काम जपानी ग्राहकांशी आहे. त्यांच्या बोलण्यात इंग्रजी शब्द आले की हायसे वाटते, पण नेमके तेथेच गैरसमज होतात. ‘कुरेऽमु’ आला आहे असा निरोप आला तेव्हा आम्ही विम्याची कागदपत्रे शोधत बसलो.
— एक संगणक अभियंता, हिंजवडी

उत्तर : ‘कुरेऽमु’ म्हणजे तक्रार. हे शब्द इंग्रजीतून गेले असले तरी आता जपानी आहेत आणि त्यांचा अर्थ इंग्रजी कोशात पाहू नये. ‘कोन्सेंतो’ म्हणजे भिंतीतला विजेचा पॉइंट, त्यात कोणाची संमती नाही. ‘मान्शोन’ म्हणजे फ्लॅटची इमारत, तेव्हा ग्राहक मान्शोनमध्ये राहतो यावरून त्याच्या श्रीमंतीचा अंदाज बांधू नये. ‘साऽबिसु’ असे म्हणत दुकानदाराने काही हातावर ठेवले तर ते फुकट आहे. ‘हान्दोरु’ म्हणजे मोटारीचे स्टीअरिंगसुद्धा. ‘बाइकिंगु’ म्हणजे हवे ते हवे तेवढे वाढून घेण्याचे जेवण. 1958 साली टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात सुरू झालेल्या अशा उपाहारगृहाच्या ‘वायकिंग’ या नावावरून तो शब्द पडला. आपल्या कामात सर्वांत घातक शब्द ‘तेन्शोन’ आहे. पुण्यात टेन्शन आले म्हणजे काळजी वाढली. जपानी सहकारी तेन्शोन वाढले म्हणाला तर तो उत्साहात आहे, त्याला धीर देऊ नये.

हसण्याआधी आपण आपलेही शब्द तपासावेत. परीक्षेत चोरून लिहिण्याला आपण ‘कॉपी’ म्हणतो, जपानी विद्यार्थी ‘कान्निंगु’ म्हणतो, आणि या दोन्ही शब्दांनी इंग्रज बुचकळ्यात पडेल. जपानी ‘कोपी’ला मराठीत ‘झेरॉक्स’ म्हणतात. ‘बाइकु’ मात्र पुणेकराच्या पथ्यावर पडणारा शब्द आहे, कारण जपानातही आपल्यासारखीच बाइक म्हणजे मोटारसायकल. सायकलीला ‘जितेन्शा’ हा वेगळा शब्द आहे. आणि प्रत्येक परका शब्द इंग्रजीच असेल असेही नाही. ‘आरुबाइतो’, म्हणजे शिकता शिकता केलेले किरकोळ काम, जर्मनमधून आले. ‘पान’ म्हणजे ब्रेड पोर्तुगीजांकडून, ज्यांनी आपल्याला ‘पाव’ दिला. हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे आहेत.

प्रश्न : जपानीत संस्कृत शब्द आहेत असे ऐकतो. खरे का?
— एक निवृत्त संस्कृत शिक्षक, टिळक रस्ता

उत्तर : खरे आहे, बौद्ध धर्माबरोबर चिनी भाषेच्या वाटेने ते गेले. ‘सेत्सुना’ हा क्षण, ‘नाराकु’ हा नरक, ‘एन्मा’ हा यम आणि ‘झेन’ हे ध्यान. नाराकु हे काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या नाट्यगृहात रंगमंचाखालच्या तळघराचेही नाव आहे. ‘दान’ या शब्दाचा प्रवास सर्वांत गमतीचा : दान, मग दान देणारा यजमान, मग धनी, आणि आज ‘दान्ना’ म्हणजे बायकोच्या तोंडी नवरा. ‘धनी’ या शब्दाने मराठीतही तेच काम केले आहे.

प्रश्न : आमच्या वर्गात सुरुवातीला जपानी शब्द रोमन लिपीत लिहून देतात. देवनागरीत लिहिले तर चालेल का? आणि जपानी कोशात शब्द कोणत्या क्रमाने शोधायचा?
— एक वाचक, निगडी

उत्तर : शेवटी जपानी लिपीतच लिहायचे आहे, त्यामुळे दोन्ही कुबड्या लवकर सोडाव्यात; पण तोवर देवनागरी अधिक भरवशाची आहे. रोमनमधला ‘त्सु’ वाचताना विद्यार्थी अडखळतात, आणि गंमत अशी की तो उच्चार आपण ‘चूल’ म्हणताना रोज करतो. ‘चिमणी’तला तालव्य च आणि ‘चूल’मधला दंतमूलीय च ही जोडी जपानीच्या ‘त’च्या ओळीतही आहे : ता, चि, त्सु, ते, तो. द्वित्तासाठी आपल्याकडे जोडाक्षर आहे, म्हणून ‘किते’ म्हणजे ‘ये’ आणि ‘कित्ते’ म्हणजे पोस्टाचे तिकीट यांत गोंधळ होत नाही.

कोशाच्या क्रमाची भीती तर आपल्याला मुळीच नको. स्वर आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपलीच वर्णमाला आहे, कारण संस्कृत अक्षरांचा अभ्यास करणाऱ्या जपानी भिक्षूंच्या परंपरेतून तो क्रम बसला. ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’ आलेला दिसतो, तो जुन्या उच्चारांमुळे. आजचा ‘ह’ जुन्या जपानीत ‘प’ होता. ग, झ, द, ब ही अक्षरे क, स, त, ह यांवर दोन टिंबे देऊन लिहितात आणि कोशात त्यांच्याच पोटात शोधायची असतात.

देवनागरीत लिहिताना एकच पथ्य पाळावे, ते ऱ्हस्व-दीर्घाचे. शुद्धलेखनात आपल्याला पहिली-दुसरी वेलांटी चुकली तरी अर्थ सहसा टिकतो, जपानीत टिकत नाही. ‘बिरु’ म्हणजे इमारत आणि ‘बीरु’ म्हणजे बिअर. ‘ओजिसान’ म्हणजे काका आणि ‘ओजीसान’ म्हणजे आजोबा. ‘आ’ लांबवण्याची खूण आपल्या लिपीत नाही, म्हणून तेथे अवग्रह द्यावाच, कारण ‘ओबासान’ ही काकू आणि ‘ओबाऽसान’ ही आजी आहे, आणि पन्नाशीच्या बाईंना दुसरी हाक मारणाऱ्याचे जपानातही स्वागत होत नाही.